दही नेमकं कधी लागलं?
कादंबरीतलं माणूस बदलताना पाहायला मुलांना कसं शिकवावं

मराठीचे पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या ओळखीचा हा अनुभव आहे. प्रश्न ‘श्यामची आई’तल्या श्यामवर असो, ‘पण लक्षात कोण घेतो!’तल्या यमूवर असो की ‘बनगरवाडी’च्या मास्तरावर. ‘व्यक्तिरेखा तुमच्या शब्दांत लिहा’ म्हटलं की तीच चार विशेषणं रांगेत येऊन उभी राहतात. प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, जिद्दी. नाव खोडून दुसरं घातलं तरी उत्तराचं काही बिघडत नाही. आणि पंचाईत अशी, की गुण कापावेत तर लिहिलेलं चूकही नसतं. श्याम प्रेमळ आहेच. यमूही आहे. मास्तर जिद्दी नाही असं कोण म्हणेल?

तरी काहीतरी हुकलेलं असतं. पानंच्या पानं ज्या माणसाच्या सोबतीने काढली, त्याच्याबद्दल सांगायला मुलाकडे एवढंच कसं उरतं? अख्खी कादंबरी वाचलेलं मूल आणि नुसतं गाइड वाचलेलं मूल, दोघांची उत्तरं जुळ्या भावंडांसारखी का दिसतात?

दोष बराचसा प्रश्नाचा आहे. ‘स्वभाव लिहा’ म्हटलं की मूल आधार कार्डावरच्या फोटोसारखं एक चित्र काढून देतं: समोर बघणारं, न हलणारं. कादंबरीचा धंदा मात्र न हलणाऱ्या माणसावर चालत नाही. पहिल्या पानावरचा आणि शेवटच्या पानावरचा माणूस एकाच नावाचे असले तरी त्यांच्यात काहीतरी सरकलेलं असतं, आणि ते सरकणं दाखवायलाच लेखकाने एवढी पानं घेतलेली असतात. त्यात पाठ्यपुस्तकात कादंबरी येते ती उताऱ्याच्या रूपाने. उताऱ्यात भेटणारा माणूस एसटीत शेजारी बसलेल्या प्रवाशासारखा असतो. दोन थांब्यांच्या ओळखीत तो बरा वाटला की नाही एवढं सांगता येतं. दहा वर्षांपूर्वी तो कसा होता, हे कसं सांगणार?

चौकटीवरच्या रेघा

अनेक घरांत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा असतात. पोराला चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि रेघ मारून तारीख टाकायची. रोज जेवायला वाढणाऱ्या आईला पोर वाढल्याचं जाणवत नाही. वर्षाने आलेला मामा उंबऱ्यातच ओरडतो, ‘अरे, केवढा झालास!’

या मोजणीला दोन गोष्टी लागतात. चौकट तीच हवी आणि दोन रेघांमध्ये अंतर हवं. एक रेघ दाराला आणि दुसरी कपाटाला मारली तर त्यातून काहीच कळणार नाही.

कादंबरीतल्या माणसाची वाढ मोजायची रीतही हीच. त्याला एकाच तऱ्हेच्या प्रसंगात दोनदा पकडायचं. मुलांना ‘तो कसा बदलला?’ असं थेट विचारलं की ती हवेत बघतात. ‘असाच प्रसंग आधी कुठे आला होता? तेव्हा तो काय वागला?’ असं विचारलं की हात पुस्तकाच्या पानांकडे जातात.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या कामाला फार सोयीची आहे. ती आटोपशीर आहे, तिची भाषा मुलांना कळते, आणि तिचा नायक स्वतःच एक शिक्षक आहे. माडगूळकरांचं माडगूळ गाव औंध संस्थानातलं. कादंबरीतली शाळाही संस्थानी काळातली. नुकती नोकरी लागलेला, मिसरूड फुटल्या वयाचा हा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एकटा चालत जातो. शाळा आहे, पण पोरं नाहीत. पोरं शाळेत बसली तर मेंढरांमागे कोण जाणार, हा वाडीचा सरळ हिशोब. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या आधाराने मास्तर हळूहळू पाय रोवतो. मग पत्र वाचून दाखवणं, अर्ज लिहिणं, पैशाअडक्याचे व्यवहार, भांडणं अशी शाळेच्या दाखल्यात कुठेही न बसणारी कामं त्याच्या गळ्यात पडत जातात. पुढे वाडीकडून तो तालीम बांधून घेतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द संस्थानचे राजे येतात. शेवटाकडे दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरालाही ती सोडावी लागते.

आता चौकट शोधायची. सुरुवातीला शाळा रिकामी आहे. शेवटीही शाळा रिकामीच आहे. बाहेरून पाहणाऱ्या तपासनिसाच्या वहीत दोन्ही दिवशी एकच नोंद होईल: पटावर हजर शून्य. पण पहिल्या रिकाम्या शाळेत मास्तराला पडलेला घोर स्वतःच्या नोकरीचा आहे. पोरं आली नाहीत तर आपलं काय? शेवटच्या रिकाम्या शाळेत त्याला माहीत आहे की कुठलं पोर कुठल्या घरातलं, त्या घरात दाणा उरला होता की नाही. रिकामपण तेच, ते पाहणारा माणूस वेगळा. वर्गात या दोन जागा लागोपाठ मोठ्याने वाचून दाखवल्या आणि मध्ये शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, तरी चालतं. बोलायचं ते मुलंच बोलतात.

विरजण, ऊब आणि रात्र

रेघांनी फरक दिसला. तो कशाने पडला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुधाकडे वळावं लागेल.

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून भांडं झाकून ठेवतात. सकाळी दही लागलेलं असतं. नेमकं किती वाजता लागलं? जागं राहून पाहिलं तरी सांगता यायचं नाही. पण तीन गोष्टी विचारता येतात. विरजण कुणी, कधी घातलं? दूध पुरेसं कोमट होतं का? आणि भांडं किती वेळ तसंच राहू दिलं? थंडगार दुधात कितीही विरजण घाला, ते पाणचटच राहतं. शिवाय एकदा दही झालं की त्याचं पुन्हा दूध होत नाही.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. तेव्हाच्या वाचकाला यमू एका बैठकीत भेटली नाही. ती आठवड्या-आठवड्याने, दीर्घ काळ भेटत राहिली, म्हणजे वाचकही तिच्याबरोबर थोडा थोरला होत गेला. यमू परकरी पोर असल्यापासून आपली हकिगत स्वतः सांगते. लहानपणी लग्न, सासरचा जाच, मग शिकलेला आणि तिला शिकवणारा नवरा रघुनाथराव, मुंबईचे मोकळे दिवस, त्याचा मृत्यू, आणि अखेर तिच्या इच्छेविरुद्ध झालेलं केशवपन.

या कादंबरीवर मुलं हमखास लिहितात: यमूचं आयुष्य सुखातून दुःखाकडे गेलं. हे खरं आहे, पण हा आलेख परिस्थितीचा झाला. यमूचा नव्हे. फळ्यावर दोन वेगळ्या खडूंनी दोन रेषा काढायला सांगावं. पांढरी रेष तिच्या वाट्याला आलेल्या दिवसांची, पिवळी तिला कळत गेलेल्या जगाची. पांढरी रेष मुंबईत वर चढते आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर कोसळते. पिवळी? लिहा-वाचायला येऊ लागल्यावर ती चढू लागते, आणि पांढरी कोसळल्यावरही खाली येत नाही. पुरावा वाचकाच्या हातातच असतो. ही सगळी गोष्ट यमूच सांगते आहे. ज्या बाईला घरात तोंड उघडण्याची सोय नव्हती, तिचंच बोलणं आपण शेकडो पानं ऐकतो.

दोन रेषांची ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण मुलांचा सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. गरिबीतून श्रीमंतीत गेला म्हणजे ‘प्रगती झाली’, असं समीकरण मनात पक्कं असतं.

आणि विरजण? ते रघुनाथरावाने घातलं, हे सगळे सांगतात. चुणचुणीत मुलं एक पायरी पुढे जातात आणि दुर्गीकडे बोट दाखवतात. दुर्गी यमूची बालमैत्रीण. वय तेच, काळ तोच, रीतीभाती त्याच. पण तिच्या पदरी पडलेला नवरा अगदी उलट्या चालीचा. आपट्यांनी एकाच धारेच्या दुधाची दोन भांडी शेजारी ठेवली आहेत. कादंबरीतलं असं जोडपात्र सापडलं की मुलांना कारणमीमांसा वेगळी शिकवावी लागत नाही. ‘यमूला जे मिळालं ते दुर्गीला मिळालं असतं तर?’ एवढं विचारून गप्प बसावं.

न केलेली गोष्ट

माणूस बदलला हे त्याच्या कृतीतून कळतं, हे मुलांना लवकर उमगतं. कठीण जातं ते कृतीचं वजन करणं. श्यामने मोळी उचलली. बरं, मग? मोळी तर कुणीही उचलतो.

कृतीला वजन येतं ते न केलेल्या गोष्टीमुळे. त्या क्षणी त्याला आणखी काय करता आलं असतं, हे समोर ठेवल्याशिवाय त्याने जे केलं त्याची किंमत कळत नाही. बाजारात भाव समजतो तो दुसऱ्या दुकानात विचारल्यावरच.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत लिहिली आणि १९३५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिच्यातला पोहण्याचा प्रसंग बहुतेकांना तोंडपाठ असतो. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने झोडपते आणि पोहायला धाडते. बऱ्याच रात्रींनंतर (या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात, म्हणून हे असं) महार समाजातल्या एका म्हातारीचा प्रसंग येतो. तिच्या डोक्यावरची मोळी पडते आणि शिवाशिवीच्या भीतीने कुणी पुढे होत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते. श्याम बिचकतो, आणि तरी जातो.

दोन्ही ठिकाणी भीती आहे, दोन्ही ठिकाणी आईच पाठवते. चौकट तीच. आता न केलेली गोष्ट शोधू. पोहण्याच्या वेळी श्यामने पळून जाण्याचा पर्याय निवडला होता. शिंपटीने तो मोडून काढला. मोळीच्या वेळी पळून जायला वाट होती, शिवाय ‘लोक काय म्हणतील’ ही भरभक्कम सबबही होती. त्याने ती वापरली नाही, आणि या खेपेला शिंपटीही लागली नाही. पाण्याच्या भीतीहून लोकांची भीती मोठी असते, हे लक्षात घेतलं तर दोन रेघांमधलं अंतर चांगलंच दिसतं.

इथे वर्गात एखादी मुलगी हात वर करून म्हणू शकते: पण आईने सांगितलं म्हणून तर गेला, स्वतःहून कुठे गेला? बरोबर आहे. ही शंका दाबू नये. वाढ अर्धवट असू शकते, आणि पुस्तकातली बहुतेक वाढ तशीच असते.

ती सरळही नसते. याच पुस्तकात पुढे एका प्रकरणाचं नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’ असं आहे. पुस्तकाच्या हव्यासापायी श्याम पैसे चोरतो. एवढे संस्कार होऊन, मोळी उचलून झाल्यावर चोरी! मुलांना हे आवडतं, कारण त्यांना आतून ठाऊक असतं की माणूस जिन्यासारखा पायरी-पायरीने चढत नाही. तो घाटातल्या रस्त्यासारखा वळत जातो आणि मधूनच खाली उतरल्यासारखा वाटतो. ज्या उत्तरात हा उतार आलेला असेल, ते लिहिणाऱ्या मुलाने पुस्तक खरोखर वाचलेलं असतं.

हाका आणि नावं

मराठीत वाढ पकडायची एक जागा अशी आहे की ती इंग्रजी कादंबरी वाचणाऱ्याला मिळत नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम पुरतं. मराठीत तू, तुम्ही, आपण. अगं, अहो, अरे. शिवाय नावाने हाक मारायची की आडनावाने की नात्याने, हा वेगळाच प्रश्न. आपण रोज बोलताना ही उतरंड सांभाळतो, म्हणून वाचताना ती डोळ्यांवरून निसटते.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीचा नायक मुकुंद जोशी नववीत आहे. काळ आणीबाणीचा. मुकुंदला वर्गातली एक मुलगी आवडते आणि ती त्याच्या लेखी कायम ‘शिरोडकर’ असते. हजेरीपटावरचं आडनाव. मित्रांमध्ये सुऱ्या, फावड्या अशी मोडकी-तोडकी नावं फिरतात. जिच्यावाचून त्याला करमत नाही तिला मात्र तो मनातल्या मनातही नावाने हाक मारत नाही. का? लाज? त्या काळातल्या मुलामुलींमधलं अंतर? की आडनावच आता त्याच्या तोंडी लाडकं झालं आहे? नववीच्या वर्गाला हा प्रश्न टाकला तर तासिका संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही.

इथे काय बदलत नाही, तेही पाहायचं. शब्द तोच राहतो आणि त्याच्या आतला माल बदलतो. पहिल्या काही पानांतली ‘शिरोडकर’ लांबून बघायची मुलगी आहे. शेवटाकडे तिचं कुटुंब गाव सोडून गेलेलं असतं, आणि तेव्हा तेच आडनाव वाचताना घशात काहीतरी अडकतं. यमूच्या काळात बायको नवऱ्याला ‘इकडून’, ‘स्वारी’ असं म्हणे. लिहा-वाचायला शिकून बायको नवऱ्याशी देशाच्या गोष्टी बोलू लागली तरी संबोधन तेच राही. म्हणजे हाक बदलली तर माणूस बदलला असेल, पण हाक बदलली नाही म्हणून माणूसही बदलला नाही, असं म्हणता येत नाही. मुलांनी हा सापळा ओळखावा.

एक सोपा खेळ करून पाहण्यासारखा आहे. पुस्तकातली दोनच पात्रं घ्यायची. ती एकमेकांना कुठल्या पानावर काय म्हणतात, एवढंच वहीच्या एका पानावर उतरवायचं. हाकांची ही यादी नात्याची कुंडली ठरते.

गोष्ट सांगतोय कोण?

आता जरा अवघड वळण. वाढ मोजताना पट्टी धरणारा हात कुणाचा, हे विचारायलाच हवं.

‘श्यामची आई’मध्ये श्याम दोन आहेत. एक कोकणातला पोर आणि दुसरा थोरला झालेला, आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगणारा. बेचाळीस रात्री बोलणारा तो हा दुसरा. पोहायला भिणारा श्याम त्या वेळी आपल्या आईबद्दल काय मनात आणत असेल, ते आपल्याला थेट ऐकू येत नाही. ते थोरल्या श्यामच्या कृतज्ञतेतून गाळून येतं. पोराला त्या दिवशी कदाचित नुसता राग आला असेल. वळ दुखत असताना कुणाला उपकार आठवतात?

यमूचंही तेच. लहानपणीच्या गमती ती खेळकरपणे सांगते, पण सांगणारीला पुढचं सगळं ठाऊक आहे. म्हणून त्या खेळकरपणाच्या कडा थोड्या ओल्या आहेत. ‘बनगरवाडी’ आणि ‘शाळा’ यांतही निवेदन ‘मी’चंच आहे, पण तिथे थोरला माणूस मध्ये येऊन फारसं समजावत नाही. मुकुंद जेवढं कळलं तेवढंच बोलतो. त्याला न कळलेलं आपल्याला कळतं, आणि हसू येतं ते तिथेच.

मुलांना हे समजावायला घरातल्या गप्पा पुरतात. आजी आईच्या लहानपणीची एक खोडी सांगते, तीच खोडी आई सांगते. आजीच्या गोष्टीत आई हट्टी असते; आईच्या गोष्टीत आजी कडक. घटना एकच. मग कादंबरीकडे वळून विचारावं: हाच प्रसंग श्यामच्या वडिलांनी सांगितला असता तर?

वाचताना जवळ ठेवायची चौकट
• असाच प्रसंग आधी कुठे आला होता? तेव्हा तो काय वागला?
• त्याला आणखी काय करता आलं असतं?
• बदलली ती परिस्थिती, की माणूस?
• विरजण कुणी घातलं? दूध कोमट होतं का?
• तो कुणाला काय म्हणून हाक मारतो?
• हे सगळं आपल्याला कोण सांगतंय, आणि त्याला शेवट माहीत आहे का?

न वाढणारी माणसं

एवढं शिकवलं की नवी अडचण उभी राहते. मुलं प्रत्येक पात्रात वाढ शोधू लागतात आणि नसली तर कल्पनेने घालतात. त्यावर उतारा म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, संकट दिसलं की त्यात उडी घेतो, ‘ट्टॉक्’ करतो आणि सुटतो. पुस्तकामागून पुस्तकं आली तरी तो होता तसाच. आणि तसाच हवा! एखाद्या साहसातून शहाणपण शिकून तो पुढच्या वेळी पोलिसांना फोन करून घरी बसला, तर पुढचं पुस्तक कशाला निघेल? मालिकेतल्या नायकाचं काम वाचकाला ओळखीच्या माणसाची हमी देणं हे असतं. त्याचं न बदलणं हा लेखकाचा कमीपणा नाही.

अशा पात्राला स्थिर आणि बदलत जाणाऱ्याला गतिशील म्हणायची पद्धत आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ च्या ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या पुस्तकात आणखी एक विभागणी केली: सपाट पात्रं आणि भरीव पात्रं. भरीव पात्राची त्यांची कसोटी मजेशीर आहे. ते वाचकाला चकित करतं आणि तरीही पटतं. या दोन जोड्या मुलं एकमेकींत मिसळून टाकतात. बनगरवाडीचा कारभारी घ्या. तो मुळापासून बदलतो असं म्हणवत नाही. पण तो सपाट मुळीच नाही. मास्तराला जीव लावणारा हा म्हातारा आपल्या पोरीच्या, अंजीच्या, चोळीवरून मास्तरावर संशय धरतो आणि तोंड फिरवतो. आपण चकित होतो. मग धनगराच्या अब्रूचा विचार करतो आणि म्हणतो, बरोबर आहे, तो असंच वागणार.

स्थिर पात्रांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो शिकवताना सहसा सांगायचा राहतो. ती चौकट होतात. कारभारी जागचा हलत नाही म्हणून मास्तर किती पुढे आला ते मोजता येतं. सगळेच सरकू लागले तर कोण कुठून कुठे गेलं हे कळायला काही उरत नाही. चालत्या गाडीतून दुसऱ्या चालत्या गाडीकडे बघताना होतं तसं.

आणि मग ‘कोसला’. भालचंद्र नेमाड्यांची ही १९६३ ची कादंबरी शाळेच्या वर्गासाठी नव्हे; कॉलेजात मात्र ती असा घोळ घालते की सगळी साधनं पुन्हा तपासावी लागतात. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला जातो, मध्येच धाकटी बहीण मनी जाते, आणि अखेर पदवी न घेता तो गावी परत येतो. मुलांचा पहिला शेरा ठरलेला: नायक वाया गेला. पांढऱ्या रेषेपुरतं ते मान्य करावं लागतं. बापाचे पैसे गेले, वर्षं गेली. पिवळ्या रेषेवर मात्र वर्गात भांडण जुंपतं. गाव तेच, घर तेच, म्हणजे चौकट इतकी नेमकी की हेवा वाटावा. पण रेघ वर मारायची की खाली, यावर एकमत होत नाही. सांगवीकरला जे कळलं त्याला शहाणपण म्हणावं की थकवा? नेमाडे उत्तर देत नाहीत. शिक्षकानेही देऊ नये.

दोरीवरच्या चिठ्ठ्या

हे सगळं पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत कसं बसवायचं, हा शिक्षकाचा रास्त प्रश्न. पन्नास मुलांच्या वर्गात पुस्तकाच्या तीन-चार प्रती असल्या तरी नशीब म्हणायचं. तेव्हा वाटणी करावी. एकेका गटाला दोन-तीन प्रकरणं. गटातला एक मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. हाताशी पाठकोरे कागद. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाला एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तीन खण: काय घडलं, त्याने काय केलं, आणखी काय करता आलं असतं. विशेषणांना बंदी. ‘धाडसी’ लिहायचं नाही. काय केलं ते लिहायचं.

मग वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या क्रमाने लावायच्या. प्रकरणं वेगवेगळ्या गटांनी वाचल्यामुळे अख्खी गोष्ट कुणालाच माहीत नसते. ती दोरीवर जुळत जाते. चिठ्ठ्या लागल्या की मुलांना दोरीखालून चालत जायला सांगावं आणि कुठल्या दोन चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यांत मोठी उडी आहे ते ठरवू द्यावं. तिथे लाल दोरा बांधायचा. दोन गटांचे दोरे बहुधा वेगळ्या जागी पडतात. मग ज्याने त्याने आपल्या जागेसाठी पुस्तकातून पुरावा काढायचा.

गुण देतानाही कसोटी बदलावी लागते. ‘मास्तर सुरुवातीला घाबरट होता, नंतर धीट झाला’ हे उत्तर वाईट नाही. विशेषणं निदान दोन झाली आणि त्यांच्यात वेळ गेला. पण ‘सुरुवातीला पोरं येत नाहीत म्हणून त्याला नोकरीची काळजी होती, शेवटी पोरं गेली तेव्हा त्याला पोरांची काळजी होती’ असं लिहिणाऱ्या मुलाने दोन जागा शेजारी ठेवल्या आहेत. त्याचं शुद्धलेखन कच्चं असलं तरी त्याला जास्त गुण मिळायला हवेत.

‘बनगरवाडी’ची दोरी भरताना एक गोष्ट हमखास होते. मध्ये मोठमोठ्या जागा रिकाम्या राहतात. वाडीतल्या शेकूकडे दुसरा बैल नसतो, तेव्हा त्याची बायको जू खांद्यावर घेऊन बैलाच्या जोडीला उभी राहते. असा प्रसंग माडगूळकर डोळ्यांपुढे उभा करतात, पण तो पाहताना मास्तराच्या मनात काय झालं यावर पाल्हाळ लावत नाहीत. मुलं विचारतात, ‘यात मास्तराने काय केलं? दुसरा खण कसा भरायचा?’ कुणी तो कोरा ठेवतं, कुणी ‘काहीच केलं नाही, नुसतं बघितलं’ असं लिहितं. ती चिठ्ठी काढायला लावू नये. पुढची तासिका तिथूनच सुरू करावी: पहिल्या दिवशी वाडीत पाऊल टाकलेल्या मास्तराला हे दिसलं असतं, तर त्याने ते असंच बघितलं असतं का?